चित्रात न उतरणारे एक वाक्य



चित्रांचे पुस्तक म्हणजे वाचन नव्हे, असे म्हणून आपण ते मुलांच्या हातून काढून घेतो. मीही परवापर्यंत तेच करीत होतो.

हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. फ्रेड फोर्डहॅम यांनी २०१८ साली तिला चित्ररूप दिले. अलाबामा राज्यातील टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीयावर गोऱ्या तरुणीवरील बलात्काराचा खोटा आरोप येतो. ॲटिकस फिंच हा गोरा वकील त्याचा बचाव करतो. तरीही गोरी ज्यूरी त्याला दोषी ठरविते.

तरुणीच्या चेहऱ्याची उजवी बाजू माराने सुजलेली होती. टॉमचा डावा हात तर लहानपणीच कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. कादंबरीत हा पुरावा साक्षींतून सावकाश उलगडतो. चित्रात तो हात एका दृष्टिक्षेपात दिसतो. येथे चित्रकाराने आम्हां वकिलांवर मात केली, हे कबूल केले पाहिजे.

परंतु टॉम बुडाला तो एका वाक्याने. त्या तरुणीची कामे फुकट का करीत होतास, असे सरकारी वकील विचारतो. टॉम सांगतो की, त्याला तिची कीव आली. खटला तेथेच संपला! कृष्णवर्णीयाने गोऱ्या स्त्रीची कीव करावी, ही आगळीक ज्यूरीला सोसवत नाही. उतरंडीत खालच्याने वरच्याची कीव करणे कोणाला खपते? तुम्हांस हे निराळे सांगावयास नको.

हे वाक्य रेषेत उतरत नाही. चेहरा काढता येतो, लाचारी काढता येते. ही कीव मात्र शब्दांतच राहते, आणि मूल तर पुढच्या चित्राकडे धावलेले असते.

ज्यूरी गोरीच का, हेही चित्र सांगत नाही. कृष्णवर्णीयांना पद्धतशीरपणे ज्यूरीबाहेर ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३५ साली ‘नॉरिस विरुद्ध अलाबामा’ या खटल्यात दिला होता. कादंबरीचा काळही त्याच सुमाराचा. निर्णय कागदावर राहिला, बाके गोरीच राहिली.

म्हणून पुस्तक हिसकावू नका; कोर्टाची पाने आली की शेजारी बसा. माझ्या मुलीने सारी चित्रे दोन तासांत संपविली. त्या एका वाक्यावर आम्ही तासभर बसलो, आणि मूळ कादंबरी अजून चालू आहे.