यात काय घातले आहे?

“गिऱ्हाईक हाच देव” अशी पाटी आपल्या बाजारपेठेत पुष्कळ दुकानांत लावलेली आढळते. पाटी लावणे सोपे आहे. परंतु हा देव दुकानाच्या पायरीवर उभा राहून “यात काय घातले आहे हो?” असा साधा प्रश्न करतो, तेव्हा त्यास मिळणाऱ्या उत्तरावरून त्या पाटीची खरी किंमत ठरते. फरसाण, खारी, बटर, जिऱ्याची बिस्किटे असा खारा माल विकणाऱ्या दुकानांत तर हा प्रश्न नित्याचाच होय. आमचा धंदा घाऊक धान्याचा. भट्टीशी आमचा संबंध गव्हाच्या पोत्यापुरता. तरीही या स्मरणिकेसाठी आम्ही हाच विषय निवडला, कारण सभासदांपैकी काही जण हा माल विकणारे आहेत आणि तो विकत घेणारे तर आपण सर्वच आहोत.

आजकाल आपली मुले-नातवंडे शिक्षणासाठी व व्यापारासाठी युरोपात जातात. इटली देशात ‘तराल्ली’ नावाची खारी बिस्किटे फार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहेत. आकार आपल्या कडबोळ्यासारखा. मात्र ती तळलेली नसून भाजलेली असतात. दक्षिणेकडील पुलिया प्रांतात ती मैदा, ऑलिव्हचे तेल, मीठ, बडीशेप आणि पांढरी द्राक्षमदिरा यांची करतात व बहुधा आधी उकळत्या पाण्यातून काढून मग भट्टीत घालतात. नेपल्स शहरी मात्र त्यात मिरी व बदाम यांबरोबर डुकराची चरबी घालण्याची रीत आहे. उरलेला पावाचा गोळा वाया जाऊ नये म्हणून तेथील भटारी त्यात चरबी व मिरी मळून ही कडी करू लागले, असे सांगतात. परक्या माणसास दोन्ही खारी बिस्किटेच वाटणार. त्यांतील भेद डोळ्यांस दिसत नाही, तो विचारूनच समजावयाचा. आपल्या घरचा मुलगा त्या दुकानात उभा राहिला, तर त्याचा आहारनियम सर्वस्वी दुकानदाराच्या जिभेवर अवलंबून राहतो.

तेथे त्यास कायद्याचा मात्र आधार आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार डिसेंबर 2014 पासून सुट्या मालाच्या बाबतीतही गहू, बदाम, दूध यांसारख्या बाधक ठरू शकणाऱ्या पदार्थांची माहिती गिऱ्हाइकास द्यावीच लागते. इटलीत तर भटाऱ्याने सुट्या मालातील घटकांची यादी दुकानात पाहावयास ठेवावयाची असते. विचारणाऱ्यास तेथे संशयी म्हणण्याची सोय नाही.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या बडोद्याहून रेल्वेने काही तासांत गाठता येणाऱ्या सुरतेची हकीकत यापेक्षा बोधप्रद आहे. सतराव्या शतकात डच लोकांची वखार सुरतेस होती. परंपरेने असे सांगतात की, डचांनी चालविलेली पावाची भट्टी पुढे फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी गृहस्थांकडे आली. पाव फुगविण्यासाठी ताडी वापरीत. परदेशी मंडळी निघून गेल्यावर स्थानिक गिऱ्हाईक ताडी व अंडी यांच्या शंकेने भट्टीकडे फिरकेना. उरलेला पाव ताडीमुळे लवकर नासत नसे. तो सुकवून स्वस्तात विकला जाऊ लागला, आणि लोकांना तो इतका रुचला की पुढे मुद्दाम सुकवूनच करू लागले. सुरतेची सुकी बटरे आणि बिनअंड्याची नानकटाई यांची कुळकथा ही अशी आहे. या हकीकतीत आम्हांस महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, गिऱ्हाइकाच्या शंकेवर भट्टीवाला रागावला नाही. त्याने आपला माल बदलला. आज त्याच मालाने सुरतेचे नाव दूरवर नेले आहे.

आता आपल्या बडोद्याकडे वळू. येथील ‘लीलो चेवडो’, म्हणजे आपला ओला चिवडा, पाहुण्यांच्या हाती पुड्याने दिला जातो. त्यात मुख्य भाग बटाट्याचा आणि हरभऱ्याच्या डाळीचा. आपल्यापैकी जे कंदमूळ वर्ज्य करतात, त्यांनी तो घेण्यापूर्वी विचारलेच पाहिजे. खारी बिस्किटे व भाकरवडी यांत लसूण आहे काय, हेही विचारलेच पाहिजे.

आमच्या थोरल्या भगिनी एका दुकानात असेच विचारत्या झाल्या. गल्ल्यावरच्या पोऱ्याने, “सगळे जैन आहे, घ्या,” असे सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले तेव्हा मालकांनी मान वर न करता म्हटले, “बाई, इतका संशय असेल तर घरी करून खावे.” घरी पुडा उघडताच लसणाचा वास आला. आमच्या भगिनींनी तंटा केला नाही. पुडा तसाच बांधून ठेवला. त्यास आज अकरा वर्षे झाली. आमच्या एकत्र कुटुंबातील एकही माणूस त्या दुकानाची पायरी चढलेला नाही. त्या मालकांना आपले नुकसान कशाने झाले, हे ठाऊकही नसेल. भांडणारे गिऱ्हाईक परत येण्याची आशा असते. मुकाट्याने निघून गेलेले सहसा परत येत नाही.

यावर दुकानदार बंधू म्हणतील की, गर्दीत उत्तरे देण्यास वेळ कोठून आणावा? शिवाय घटक सांगितले तर कृती फुटेल. आम्हांस हे पटत नाही. कृतीचे रहस्य प्रमाणात, आचेत आणि कारागिराच्या हातात असते; घटकांच्या नावांत नसते. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक पोत्याच्या पोटात लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणा बाहेर काढतो, चावून पाहतो आणि मगच भाव बोलतो. त्याचा आम्हांस कधी अपमान वाटला नाही. बिस्किटाच्या पोटात नळी घालता येत नाही. म्हणून तेथे दुकानदाराचा शब्द हीच नळी समजावयाची.

कायद्यानेही आपल्याकडे पुष्कळ वाट आखून दिली आहे. 2001 सालच्या नियमांपासून बंद पुड्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका आला. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या ताटाजवळ ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास योग्य आहे, हे लिहिणे बंधनकारक झाले. परंतु हिरव्या ठिपक्याने लसूण, कांदा किंवा बटाटा यांचा उलगडा होत नाही. तेथे कायदा संपतो आणि आपला धर्म सुरू होतो. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या मापाबरोबरच ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे एक दाखवून दुसरे देणे, हाही गणलेला आहे. लसूण घातलेल्या मालास विक्रीच्या घाईत ‘जैन’ म्हणणे यापेक्षा वेगळे काय आहे?

म्हणून आमची सभासद बंधूंस तीन गोष्टींची विनंती आहे. सुट्या खाऱ्या मालाच्या प्रत्येक डब्यावर घटकांची चिठ्ठी मराठी व गुजराती अक्षरांत लावावी. पोऱ्यास “माहीत नाही, विचारून सांगतो” हे वाक्य शिकवावे. अज्ञान कबूल करण्याने विक्री एकदा बुडेल, पण खोट्या होकाराने ती कायमची बुडते. आणि जैन माल निराळ्या कढईत व निराळ्या तेलात होत नसेल, तर तेही स्पष्ट सांगावे. गिऱ्हाईक भगिनींसही एक विनंती आहे. सणाच्या ऐन गर्दीत लांबलचक चौकशी न करता थोड्या सवडीच्या वेळी जावे, आणि ज्या दुकानात खरे उत्तर मिळाले त्याचे नाव चार घरांत आवर्जून सांगावे.

आपल्या वाडवडिलांनी परमुलखात पेढ्या उभारल्या त्या भांडवलापेक्षा शब्दावर अधिक. तो शब्द बिस्किटाच्या एका पुड्यासाठी खर्ची पडू नये, एवढेच आमचे मागणे आहे. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.