जुनी पिकअप आणि नवी शक्ति

शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत बैलगाडीची जागा आतां बहुतांशीं लहान मालवाहू पिकअप गाडीनें घेतली आहे. भेंडी, काकडी कल्याणच्या बाजारांत पोंचवावयाची असो, विटा वाहावयाच्या असोत, किंवा मांडवाचें सामान न्यावयाचें असो, हीच गाडी दारीं उभी राहते. नवी घेण्याइतकें भांडवल पुष्कळांपाशीं नसतें. म्हणून जुनी गाडी घेऊन तिच्या डिझेल इंजिनाची शक्ति वाढवून घ्यावी, असा विचार तरुण मंडळींत ऐकूं येतो. तो अगदींच त्याज्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यांत क्रम चुकतो, असें आमचें स्पष्ट मत आहे. प्रथम गाडीचें आरोग्य, मग ब्रेक, आणि सर्वांच्या शेवटीं शक्ति, हा खरा क्रम होय.

मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौष महिन्यांत जी मोठी जत्रा भरते, तेथें बैल घेणारा जाणता शेतकरी झुलीकडे पाहत नाहीं. तो दांत पाहतो, खूर पाहतो, आणि जनावर चालवून पाहतो. जुन्या गाडीची परीक्षा अशीच करावी. नवा रंग व चकचकीत दिवे ही केवळ झूल होय. गाडी सकाळीं, इंजिन थंड असतां पाहावी. मालकानें तें आधींच तापवून ठेविलें असल्यास दुसरे दिवशीं पुन्हा जावें. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जाळीत आहे. काळा असेल तर डिझेल पुरतें जळत नाहीं. इंजिन चालू असतां ऑइल भरावयाचें झांकण उघडावें; तेथून धूर जोरानें उसळत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असें समजावें. खालीं वांकून, पाटे जेथें सांगाड्यास अडकविलेले असतात तेथें तडा किंवा वेल्डिंगचे डाग आहेत काय, तें पाहावें. इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक आर. सी. बुकाशीं ताडून पाहावा, आणि कर्जाची नोंद उतरली आहे कीं नाहीं, याची खात्री करावी. जिची शक्ति दुसऱ्या कोणी आधींच वाढवून वापरली आहे, ती गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. तिचें आयुष्य दुसऱ्यानें खर्चिलेलें असतें.

डिझेल इंजिनाचें मर्म आमच्या विद्यार्थ्यांस सहज कळण्यासारखें आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचें जें इंजिन १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें यशस्वी ठरलें, त्यांत ठिणगी लागत नाहीं. दाबून तापलेल्या हवेंतच तेल पेट घेतें. तेव्हां शक्ति अधिक हवी तर तेल अधिक पाहिजे, आणि तें जळावयास हवाही अधिक पाहिजे. ही जादा हवा आंत लोटणारी योजना म्हणजे टर्बो. तिचें पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालीं घेतलें. म्हणून ज्याला शक्ति वाढवावयाचीच आहे, त्यानें मूळचाच टर्बो असलेली गाडी निवडावी. महिंद्र बोलेरो पिकअपचें २,५२३ घन सेंटिमीटरचें इंजिन या जातीचें आहे. परंतु गाडीच्या संगणकांतील हिशेब बदलून तेल व हवा वाढविली, तरी क्लच, गिअरबॉक्स व रेडिएटर पहिलेच राहतात. दोन बैलांच्या गाडीस चार बैल जुंपल्यासारखें तें होतें.

शक्ति वाढली कीं माल अधिक नेतां येईल, असें कांहीं जण म्हणतात. हें खरें नव्हे. किती वजन न्यावें हें आर. सी. बुकांत लिहिलेलें असतें, आणि तें इंजिनाच्या शक्तीनें वाढत नाहीं. शिवाय आपल्या वाटा कसारा व माळशेज या घाटांच्या आहेत. चढतांना शक्ति उपयोगी पडते. उतरतांना ब्रेकच तारतो. वेग दुप्पट झाला तर गाडी थांबविण्यासाठीं चौपट ऊर्जा जिरवावी लागते, हें गणित घाटांत कोणासही चुकत नाहीं.

कायदाही येथें स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ उत्पादकानें नमूद केलेल्या तपशिलाशीं विसंगत फेरफार करूं देत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तेंच सांगितलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बेकायदा फेरफारास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठेविल्या आहेत. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला. जादा तेलाचा काळा लोट मागें सोडणारी गाडी रस्त्यानें शाळेस चालत येणाऱ्या मुलांच्या श्वासांत काय घालते, याचा विचार मालकानें करावयास नको काय?

तेव्हां आमचा सल्ला असा. हातीं जे चार पैसे असतील ते प्रथम ब्रेक, टायर व रेडिएटर यांवर खर्चावे. मग हवेची जाळी बदलावी, इंजेक्टर तपासून घ्यावे, टर्बोच्या फुटक्या नळ्या बदलाव्या. पुष्कळ जुन्या गाड्यांची हरवलेली शक्ति एवढ्यानेंच परत येते, आणि तिला कोणाचीही परवानगी लागत नाहीं. पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलाच्या कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं त्याच्याबरोबर गाडी पाहावयास स्वतः जावें. बैल पारखणारा आपला डोळा तेथेंही उपयोगी पडेल.