भैरवगढची गरिबी आणि कोरे पासबुक

नीती आयोगाच्या जुलै २०२३ च्या अहवालाप्रमाणे मध्यप्रदेशात बहुआयामी गरिबीचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३६.५७ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २०.६३ टक्क्यांवर आले. मोठीच घट. पण कालभैरवाच्या दर्शनाला जाताना भैरवगढचे बाटिक छपाईवाले दिसतात, आणि हा आकडा नेमके काय मोजतो ते पाहावेसे वाटते.

गरिबी मोजण्याची आपली गाजलेली पट्टी पुण्याची. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये २२५० उष्मांक मिळतील इतका खर्च धरला होता: १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. नव्या निर्देशांकात रुपया कुठेच नाही. आरोग्य, शिक्षण, राहणीमान यांचे बारा निकष. उणिवांचा भार एक तृतीयांश झाला की कुटुंब गरीब. घरात एक कुपोषित व्यक्ती आणि आठवीच्या आत शाळा सुटलेले एक मूल, एवढ्यानेही तो भरतो, मग कमाई बरी का असेना. हे आम्हाला पटते. उत्पन्नाचा दाखला पाहून कर्ज देणाऱ्या आम्हा लोकांना ते घर गरीब म्हणून कधीच दिसले नसते.

उलटेही होते. गॅस, शौचालय, वीज, मोबाईल, सायकल असलेला छपाईवाला पावसात कापड वाळत नाही म्हणून रिकामा बसला, तरी त्यामुळे गरीब ठरत नाही. वितळत्या मेणाचा धूर नि रंगात बुडालेले हात, यांना तर रकानाच नाही.

आमची खरी तक्रार बँक खात्याच्या निकषाशी आहे. जागतिक निर्देशांकात तो नाही, आपण जोडला. भार एक एकविसांश, म्हणजे पिण्याच्या पाण्याइतकाच! २०१४ च्या जनधन मोहिमेत आम्हीही रात्री उशिरापर्यंत बसून शून्य शिल्लकीची खाती उघडली. लक्ष्य गाठले, फोटो निघाले, आणि त्यातली कित्येक पासबुके कोरीच राहून खाती निष्क्रिय झाली. निर्देशांकाला मात्र घरात कुणाचेही एक खाते असले की पुरे. आमच्या सह्यांनी काही घरे कागदावर थोडी कमी गरीब झाली असतील.

२०२३ पासून लाडली बहनाचे पैसे खात्यात येऊ लागले, तशी बायकांची पासबुके भरू लागली. म्हणून निकष काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. वर्षभरात त्या खात्यात एक तरी व्यवहार झाला का, एवढे पुढच्या पाहणीत विचारावे. उत्तर बँकेच्या संगणकात आधीच आहे.