रिलेचा चौथा गडी

महाबळेश्वरी उगम पावून वाई-कऱ्हाडचे घाट भिजवीत सांगलीस येणाऱ्या कृष्णेने सातारा-सांगलीच्या पोरांना, पाठीस वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून, पिढ्यान्‌पिढ्या पोहावयास शिकविले. याच खोऱ्यात, वाळवे तालुक्यातील पेठ या गावचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाल्यावर उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी देशाला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. शेजारच्या कोल्हापूरचे वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकला गेले, २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक त्यांनी मिळविले, आणि पुढे सरकारने त्यांस तहसीलदारी दिली. या दोघांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु दोघांचेही यश एकेकट्याचे, आणि एकट्याच्या यशावर रिलेचा संघ उभा राहत नाही.

रिलेत येणाऱ्या गड्याचा हात भिंतीस लागण्यापूर्वी पुढच्याचे पाय ठोकळ्यावरून सुटले, तर चौघेही बाद होतात. म्हणून ठोकळ्यावर ओणवा झालेला पोहणारा येणाऱ्याचे शेवटचे दोन-तीन हात डोळ्यांत साठवून, अंग आधीच पुढे झोकून देतो आणि केवळ अंगठे टेकवून ठेवतो. हा मेळ त्याच चौघांनी महिनोन्‌महिने घोटल्यावाचून साधत नाही. नदी दम देते, धाडस देते. पण तिला भिंत नाही, आणि पावसाळ्यात पाणी गढूळ होऊन चढले की सरावच खुंटतो. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुषांनी रिलेची कांस्यपदके मिळविली, त्यानंतर त्या स्पर्धेत आपल्या रिले संघाच्या हाती पदक लागलेले नाही, याचे कारण मला या सामायिक सरावाच्या अभावातच दिसते.

सातारा, सांगली व कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. विद्यापीठाने तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून मुलांचे आणि मुलींचे एकेक पथक निवडून, त्यांस बारमाही तलाव, एकच प्रशिक्षक आणि पदवी पूर्ण होईतो खुराकाची तजवीज करून द्यावी. इनाम पदकानंतर आणि तेही एखाद्यालाच मिळते. ही तरतूद मात्र आधी व्हावयास हवी, आणि तिच्या मंजुरीत पथकातील सर्वांत मंद गड्याचे नावही पहिल्याइतक्याच हक्काने असावे.