थानाला चिठ्ठी असते, डोळ्याला का नको?

बिर्लानगरच्या जियाजीराव कॉटन मिलमध्ये मी फोल्डिंग खात्यात होतो. थान किती मीटरचं आणि कोणी मोजलं, ती चिठ्ठी थानाबरोबरच जायची. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली, पण मोजमाप विचारायची खोड गेली नाही.

गेल्या वर्षी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू पिकलेला, मागच्या पडद्यावर सुरकुतलेली झिल्ली आणि सूज. दोन्ही एकाच बैठकीत उरकलं. ते बरंच झालं. नुसतं पडद्याचं केलं असतं तर मोतीबिंदू आणखी वाढला असता आणि पुन्हा टेबलावर जावं लागलं असतं. सरळ रेघा वाकड्या दिसायच्या, त्या आता बऱ्याच सरळ झाल्या. पण लांबचं बिनचष्म्याचं दिसेल म्हणून भिंग बसवलं, आणि नंबर निघाला उणे पाऊण.

डॉक्टरांनी नंतर समजावलं, "काका, तुमचा मोतीबिंदू इतका दाट होता की प्रकाशाचं मशीन आरपार जाईना. मग आवाजाच्या लहरींनी मोजलं." त्या लहरी सुजलेल्या पडद्याच्या वरच्या थरावरूनच परततात, म्हणून डोळा आखूड भरतो आणि भिंग जास्त ताकदीचं निवडलं जातं. डोळा असतो जेमतेम २३-२४ मिलिमीटर लांब, आणि मापात एक मिलिमीटर चुकलं की नंबर अडीच-तीनने घसरतो. मिलमध्ये एवढी चूक कुणी चूक म्हणून धरलीसुद्धा नसती! पडदा बसवायला आत गॅस भरतात, त्यानेही भिंग थोडं पुढे सरकू शकतं. ज्यांच्या डोळ्यात सिलिकॉन तेल आहे त्यांची तर वेगळीच तऱ्हा: तेलातून आवाज सावकाश जातो, मशीनला तेलाचं सांगितलं नाही तर डोळा ३० मिलिमीटरच्या पुढे लांब दाखवतं.

माझी तक्रार पाऊण नंबराची नाही. हे सगळं आधी ठाऊक असतं, तर आधी का सांगितलं नाही, ही आहे. आपल्याकडे अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. ऑपरेशनं किती झाली हे अभिमानाने सांगतात, ठरवलेला नंबर आणि निघालेला नंबर यांतला फरक कोणी सांगत नाही. पडद्याच्या पेशंटला तर "दिसतंय ना?" एवढंच विचारतात. भिंगाचं कार्ड मिळतं, त्यावर भिंगाची ताकद असते. मापाचा कागद मात्र फायलीत राहतो.

तो पेशंटला मिळालाच पाहिजे, आणि तोही ऑपरेशनच्या आधी. दोन्ही डोळ्यांची लांबी, कोणत्या मशीनने मोजली, कोणता नंबर धरला, किती इकडेतिकडे होऊ शकतो, एवढं त्यावर हवं. दोन डोळ्यांत ०.३ मिलिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजायला सांगा. सांगायला लाजू नका.

माझा डावा डोळा अजून व्हायचा आहे. उजव्याचा कागद मी दोन चकरा मारून मिळवला, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय.