पथ्य लिहावे, तसे पिकवावेही

पांडुरोगाच्या रुग्णास आपण पालेभाज्या, मूग, डाळिंब, मनुका असे पथ्य सांगतो. वस्तीतून आलेली, चार घरची धुणीभांडी करणारी स्त्री मान हलवते आणि निघून जाते. महागाईत ताटातून प्रथम भाजीच जाते, हे आपण जाणतो. तरीही आपली चिठ्ठी बदलत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. त्रय उपस्तंभांत आहारास अग्रस्थान देणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी या आकड्यांनी अस्वस्थ व्हावयास हवे.

लॉस एंजेलिस येथे १९९२ च्या दंगलीनंतर क्रेनशॉ हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या आवारात भाजीचा मळा केला. काही भाजी गरजूंना दिली, उरलेली विकली आणि नफ्यातून उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या उभ्या केल्या. आपल्या प्रत्येक आयुर्वेद महाविद्यालयास तर वनौषधी उद्यान नियमानेच बंधनकारक आहे. मात्र अनेक ठिकाणी त्याचे महत्त्व नामफलक आणि तपासणी यांपुरतेच उरते. विद्यार्थी चरकाच्या शाकवर्गातील तांदुळजा व चाकवत यांचे गुणकर्म मुखोद्गत करतो. त्यांचे बी कधी पेरावे, हे मात्र त्यास ठाऊक नसते.

आमची सूचना अशी, की द्रव्यगुण आणि स्वस्थवृत्त या विभागांनी मिळून नजीकच्या वस्तीत, शाळेच्या वा अंगणवाडीच्या आवारात, विद्यार्थ्यांच्या हाती एक परसबाग द्यावी. तांदुळजा महिनाभरात काढणीस येतो; शेवगा एकदा रुजला की वर्षानुवर्षे पाने देतो.

अडचणी आम्ही नाकारत नाही. परीक्षेच्या दिवसांत आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार, हे आरंभीच ठरले पाहिजे. म्हणून वस्तीतील स्त्रिया पहिल्या दिवसापासून भागीदार हव्यात. सांडपाण्यावर भाजी पिकवू नये. पालेभाजीतील लोह शरीरात कमी शोषले जाते. तेव्हा सोबत लिंबू सुचवावे आणि लोहाच्या गोळ्या बंद करण्याचा सल्ला कदापि देऊ नये. परसबाग ही रास्त वेतनाची वा शिधावाटपाची जागा घेऊ शकत नाही, हेही स्मरणात असावे.

तथापि, ज्या विद्यार्थ्याने वस्तीत एक वाफा जगविला, तो उद्या पथ्य लिहिताना रुग्णाच्या चुलीचा विचार केल्यावाचून राहणार नाही. आपल्या महाविद्यालयांनी येत्या पावसाळ्यापूर्वी याचा विचार करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.