काडतुसाआधीचे कारण

१८५७ च्या स्वातंत्र्यसमराची कारणे हा सातारा-सांगलीकडील व्याख्यानमालांचा आवडता विषय आहे. पुष्कळदा वक्ता मंगल पांडे यांच्या बराकपूरहून निघतो, चरबीच्या काडतुसांवर रेंगाळतो, मेरठमार्गे दिल्ली गाठतो आणि टाळ्यांच्या कडकडाटात झाशीला विसावतो. ज्या मातीवर व्यासपीठ उभे असते, तिचा उल्लेख आभारप्रदर्शनापुरता! काडतूस हे निमित्त होते, कारण नव्हे, हे स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ठामपणे मांडले. त्या कारणाचा माग काढू गेल्यास वाट साताऱ्याच्या राजवाड्याशी येऊन पोहोचते.

१८१९ च्या तहाने कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराज व त्यांच्या वारसांना राज्याची हमी दिली होती. वीस वर्षांतच गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आणि शिपायांना फितवल्याचा आळ त्यांच्यावर आला. आरोप मान्य करा, गादी राहील, असे मुंबईच्या गव्हर्नराने सुचविले. महाराजांनी ते झिडकारले आणि १८३९ मध्ये काशीची हद्दपारी पत्करली. या कारस्थानात बाळाजीपंत नातूंसारखे स्वकीय इंग्रजांच्या बाजूने होते, हेही व्याख्यानात सांगितले गेले पाहिजे.

गादीवर बसविलेले धाकटे बंधू शहाजीराजे १८४८ मध्ये वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला. धर्मशास्त्राने दिलेला पुत्राचा अधिकार एका परक्या अधिकाऱ्याच्या टिपणाने रद्द झाला! मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनाही हे पटले नव्हते. पण मुंबई इलाख्याच्या लष्करी ठाण्यांमध्ये येणारा हा मुलूख डलहौसीला हवा होता. साताऱ्यावर पचलेला हाच घास पुढे झाशी आणि नागपूरवर घेतला गेला.

हा केवळ साताऱ्याचा इतिहास आहे, असे सांगलीकरांनी मानू नये. त्यांचा जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ याच नावाने अस्तित्वात आला. मिरजेच्या चार वाटण्यांपैकी दोन औरस वारसाअभावी १८४२ व १८४५ मध्ये कंपनीने घेतल्या. तासगावही १८४८ मध्ये गेले. म्हणजे डलहौसी येण्यापूर्वीच कृष्णाकाठाने ही भूक ओळखली होती.

रंगो बापूजी गुप्ते यांनी धन्याच्या न्यायासाठी सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये अर्जविनंत्या केल्या. रिक्त हस्ते परतल्यावर त्यांनी उठावाची जुळवाजुळव केली. कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला : पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्यांनी. रंगो बापूजींचे पुत्र सीताराम त्यांत होते. स्वतः रंगो बापूजी निसटले, ते इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

पटवर्धनांची बहुतेक संस्थाने या संघर्षापासून अलिप्त राहिली. तरीही रणात मिळालेले फळ त्यांच्या पदरात पडले. कारण समर शमल्यावर इंग्रजांनी आपले दत्तकविषयक धोरण मुकाट्याने गुंडाळले आणि संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. युद्धाचे कारण काय होते, याची याहून स्पष्ट कबुली कोणती हवी? सांगलीचे धुंडिराज तात्यासाहेब १९०१ मध्ये वारले, तेव्हा पश्चात पुत्र नसूनही संस्थान खालसा झाले नाही. १९०३ मध्ये दत्तक चिंतामणराव गादीवर आले. साताऱ्याचे राज्य मात्र कधीच परत मिळाले नाही.